स्वाध्यायाचं दुसरं अंग

"भाभी, हॉल देतो. पंखे, सतरंज्या, माइक, सगळं देतो. फक्त महिन्याची यादी आधी दाखवत जा."

हे बोलणारे काका वाईट माणूस नाहीत. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे. दशलक्षणाचे दहा दिवस ते अक्षरशः उभ्याने काढतात. कुणाकडे दुखणं निघालं तर डबा पोचवतात. माझ्या सासऱ्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायला त्यांचीच गाडी आली होती. अशा माणसाने हात जोडून, मऊ आवाजात सांगितलं की समाजातल्या बायका बुधवारी दुपारी जमून काय वाचतात आणि कोणते सिनेमे बघतात ते आधी कळलं तर बरं. "वाचा ना, कोण नाही म्हणतं? पण चांगलं वाचा."

ते ओरडले असते तर सोपं झालं असतं. मऊ बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासमोर आपल्या तोंडून आपोआप "हो काका" निघतं, तसं माझ्याही तोंडून निघालं. जिना उतरून खाली येईपर्यंत त्या 'हो'ची लाज वाटायला लागली होती. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

किटी पार्टीची यादी कुणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये चार किट्या चालतात. पैसे लावून हाऊजी चालतो. सप्तव्यसनांची नावं पाठशाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केली आहेत, त्यात पहिलं नाव कशाचं येतं ते आठवून बघा. जुगाराचं! पण त्याने समाजाला काही होत नाही. वीस बायका एक पुस्तक घेऊन बसल्या की मात्र लगेच काळजी.

आमचा क्लब म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. महिन्यातले दोन बुधवार, दुपारी अडीच ते साडेचार. अडीचला जेवणं आटोपून ओटा पुसून झालेला असतो आणि पाचच्या आत शाळेच्या बसेस येतात. मधली ही दोन तासांची फट आहे, आमचा सगळा स्त्रीवाद त्यात बसवावा लागतो. एका बुधवारी पुस्तक, एका बुधवारी सिनेमा. जागा म्हणजे अडाजणमधली माझी बैठक. मी सोलापूरची. पंडिता सुमतीबाई शहांनी वाढवलेली श्राविका संस्था ज्या गावात आहे तिथे वाढल्यामुळे बायकांनी पुस्तकं घेऊन बसणं यात काही आगळं आहे असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. सुरतेला लग्न होऊन आले आणि पहिली काही वर्षं मराठी पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली ठेवत होते. कुणी बंदी घातली नव्हती. पण सासूबाई दाराशी आल्या की हातातलं पुस्तक आपोआप उशीखाली जायचं. हात का जायचा, ते हाताला विचारायला हवं होतं.

क्लबात निम्म्या जैन, त्यांतल्या बहुतेक श्वेतांबर, आम्ही दिगंबर थोड्या. दोघी मारवाडी. एक निवृत्त शिक्षिका, जिने पालिकेच्या मराठी शाळेत आयुष्य काढलं. आणि तिच्याच एका विद्यार्थिनीची आई, लिंबायतची ताई. ती मूळची धुळ्याकडची. घरात अहिराणी बोलते, आमच्याशी मराठी, आणि गुजराती बायकांशी सुरतेची ती सगळी भाजी एकत्र केलेली हिंदी. मराठी सगळ्यांना वाचता येत नाही म्हणून आम्ही मोठ्याने वाचतो, अडलं तिथे जी जवळ असेल ती गुजरातीत सांगते. वेळ लागतो, पण त्या वेळात शब्द नीट चघळला जातो. नऊ जणींच्या वीस झाल्या, बैठक पुरेना, म्हणून हॉल मागायला गेले आणि यादी गळ्यात घेऊन आले.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं यावर वाद झालाच नाही. सुरतेत बसून मराठी वाचायचं तर ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'पासूनच. कारण ते पुस्तक आपल्या या गावामुळे लिहिलं गेलं. आमच्यातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं.

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. दिवस राहिले, मूल झालं, अब्रूपायी तिने ते मारलं, हा आरोप. फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळं पाणी आलं आणि पुढे सरकारने शिक्षा पाच वर्षांवर आणली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या 'पुणे वैभव'ने एकंदर बायकांच्या नीतीवर कोरडे ओढले. आणि तिकडे वऱ्हाडात, बुलढाण्यात, एका मराठा घरातली ताराबाई ते वाचून पेटली. विजयालक्ष्मी तिची कोण? नात्याची नाही, जातीची नाही, गावाची नाही, भाषेचीसुद्धा नाही. १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात तिचं पुस्तक छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली आणि मग पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. ते पुन्हा लोकांसमोर यायला १९७५ साल उजाडलं, स. गं. मालशे यांनी ते छापलं तेव्हा. मध्ये ९३ वर्षं. इतक्या वर्षांत किती बायांनी ते वाचायला हवं होतं, आणि त्यांच्या हाताशी ते नव्हतं.

मला त्या पुस्तकातलं सगळ्यांत काय आवडतं सांगू? ताराबाई त्यात पुस्तकांशीही भांडते. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मनोरमा' नाटक, त्या काळी लोक आवडीने वाचत होते ती पुस्तकं ती एकेक करून समोर घेते आणि विचारते, बाईचं हे असलं सोंग तुम्ही कुठे पाहिलंत? म्हणजे बुलढाण्यात एकटीचा बुक क्लबच चालला होता म्हणा ना. आणि ती काही 'चांगली' पुस्तकं वेचून वाचत बसली नव्हती. जी समोर होती ती वाचली, आणि झोडली.

आमच्यातल्या एकीचं माहेर गोपीपुऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्यांचं. नर्मद कवीचं घर तिला माहीत होतं. विजयालक्ष्मीचं नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, "पण त्या पुरुषाचं काय झालं?" ताराबाईचं पुस्तक या एका प्रश्नावर उभं आहे, आणि या बेनने तर तोवर चार पानंही ऐकली नव्हती. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कधीच न बोलणारी एक बेन उठली, तिने बैठकीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि बोलायला लागली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली: कुणाला बोलायचं असलं की आधी विचारायचं, दार लावू का?

हॉलला माइक आहे हो काका. दाराला कडी आहे का?

काका म्हणाले, आपल्याकडे स्वाध्यायाची परंपरा आहे, तीच पुढे चालवा. मला भांडायचं आहे ते नेमकं इथे, कारण ही परंपरा थोडीफार मलाही येते. आपली सहा बाह्य तपं आणि सहा अंतरंग तपं. उपवास बाह्य तपांत येतो, स्वाध्याय अंतरंग तपांत. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाची पाच अंगं दिली आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. श्वेतांबर बेनना त्यांच्या परंपरेतलीही पाच माहीत आहेत, एखादं नाव आणि क्रम थोडा इकडेतिकडे. वाचना म्हणजे वाचणं. पृच्छना म्हणजे विचारणं. अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवणं. आम्नाय म्हणजे शुद्ध पाठ करणं. धर्मोपदेश म्हणजे दुसऱ्याला सांगणं. आता आपल्या मंडळात बायकांच्या वाट्याला काय येतं बघा. पाठ करा. स्पर्धा ठेवू, प्रश्नपत्रिका काढू, पहिल्या नंबराला स्टीलचा डबा देऊ. सांगायला पंडितजी येतात. आणि दुसरं अंग? प्रश्नपत्रिकेत प्रश्न असतात खरे, पण ते त्यांनी आपल्याला विचारलेले. आपण उलट विचारायचा रकाना त्या कागदावर नसतो.

आमचा क्लब हे दुसरं अंग आहे. आम्ही काही परदेशातून आणलेलं नाही.

मराठी माणसाने सुरतेत प्रश्नांची सभा भरवणंही नवं नाही. १८४४ साली मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग इथे शिक्षक असताना दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानव धर्म सभा काढली. जातिभेदावर, भूतपिशाच्चांवर, मंत्रतंत्रांवर ते उघड प्रश्न विचारायचे. त्यांची नावं इतिहासात आली. आमचं नाव यावं असं नाही, निदान आमची यादी मागू नका.

उपवासाचं निघालंच आहे तर बोलतेच, राग येईल तरी. सुरतेत अठ्ठाई झाली की बँड लागतो, वरघोडा निघतो, मेंदी काढतात, तपस्वी बाईला गाडीत बसवून फिरवतात. माझ्या शेजारणीने मासक्षमण केलं. तीस दिवस उकळलेलं पाणी, तेही सूर्य आहे तोवर. मी तिच्या पायाला हात लावला आणि तो मनापासून लावला. पण पंचविसाव्या दिवसापर्यंत घरच्या सहा माणसांचा स्वयंपाक तीच करत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वरघोड्यात नवरा पुढे नाचत होता. त्याला कुणी विचारलं नाही की भाऊ, त्या तीस दिवसांत एक दिवस तरी पोळी लाटलीस का? तिनेही विचारलं नाही. उपाशी बाईची मिरवणूक काढायला समाज तयार आहे. पोट भरून बसलेली बाई विचारायला लागली की मात्र यादी.

या शहरातच दुसरी वाट होती. माणिकचंद हिराचंद झवेरी सुरतेचे. त्यांची मुलगी मगनबाई, १८७९ चा जन्म, तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. तिने विधवांसाठी, परित्यक्तांसाठी श्राविकाश्रम काढला, जैन बायकांची परिषद उभी केली, गावोगाव भाषणं दिली. बिहारमधल्या आरा इथल्या चंदाबाईंनी संपादन केलेलं 'जैन महिलादर्श' हे बायकांचं मासिक सुरतेत छापलं जात होतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात, बायकांनी बायकांसाठी काढलेला कागद, या गल्ल्यांतून. आता मगनबाईंच्या फोटोला हार घालतो आणि त्यांच्या नातसुनांना म्हणतो, चांगलं वाचा.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे, टाळ्या मिळतील अशी. पुढचं सांगायला जड जातं, पण ते वगळलं तर मी आणि काका सारखेच.

सिनेमाच्या एका बुधवारी आम्ही केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' पाहिला. १९८७ चा, चुनीलाल मडियांच्या गुजराती कथेवरून केलेला. स्मिता पाटील तो प्रदर्शित व्हायच्या आधीच गेली होती, हे आठवलं की पहिल्या दृश्यापासूनच घशात काहीतरी अडकतं. सुभेदाराला सोनबाई हवी आहे. ती पळून मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात शिरते, म्हातारा अबू मियाँ दार लावून घेतो. बाहेर गावातले पुरुष ठरवतात की एका बाईपायी गाव कशाला जाळायचं, देऊन टाका. हे आपल्याला अपेक्षितच असतं. मला हादरवलं ते आतल्या बायकांनी. दाराच्या आत, एकाच तिखटात हात घालणाऱ्या बायका सोनबाईला म्हणतात, तू जा ना, तुझ्यापायी आम्ही का मरायचं? त्या दुष्ट नाहीत. घाबरलेल्या आहेत, घरी पोरं आहेत. शेवटी तिखटाची टोपली त्याच उचलतात ही गोष्ट वेगळी. पण आधीचं ते अर्ध्या तासाचं पाणी पाणी होणं कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना शेवटचं दृश्य आठवतं.

सिनेमा संपला. आम्ही सोनबाईवर बोललो, मुखीच्या बायकोवर बोललो, मुलीला शाळेत घालणारी आणि थाळी वाजवत निघणारी ती दीप्ती नवल. सगळ्या छान बोलत होत्या. लिंबायतची ताई गप्प होती. मग तिने विचारलं, "त्या बायांना मिरच्या कुटायची मजुरी काय मिळत असेल?"

कुणाला माहीत नव्हतं. सिनेमात ते येत नाही, असं मी म्हटलं.

"आणि भाभी, तुमच्या दुकानच्या साडीला स्टोन लावायचे एका साडीमागे किती मिळतात, तुम्हाला ठाऊक आहे?"

रिंग रोडच्या मार्केटमध्ये आमचं साड्यांचं दुकान आहे. एवढं मला ठाऊक होतं की साडीवरचं स्टोनचं, लेसचं, दोरा कापायचं काम 'जॉबवर्क'वर बाहेर जातं. साडी कितीला विकते ते ठाऊक होतं. दिवाळीत कोणत्या रंगाला मागणी असते तेही. पण त्या मधल्या कामाचा दर मी लग्नानंतर इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता. मी, जी दोन तास पृच्छनेवर बोलू शकते.

रात्री नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आपण थेट देत नाही, ठेकेदार वाटतो, बायांना तो काय देतो ते आपल्याला माहीत नसतं. "आणि तुला कशाला? क्लबात हेच शिकवतात का?" मी म्हटलं, हो, हेच शिकवतात. दोन आठवडे घरात धुसफूस झाली. शेवटी एवढंच ठरलं की ठेकेदाराला दुकान जो दर देतं तो पार्सलच्या चिठ्ठीवर लिहायचा, म्हणजे काम करणारीला दिसेल. मला वाटलं मी मोठं काहीतरी केलं. पुढच्या बुधवारी मोठ्या तोऱ्यात सांगितलंही.

ठेकेदाराने लिंबायतच्या ताईकडे माल पाठवणं बंद केलं. चिठ्ठी कुणामुळे आली हे त्याला कळायला किती वेळ लागणार? दोन महिने तिच्या घरी साडी आली नाही. माझ्या नावावर धाडस जमा झालं आणि भरपाई तिच्या चुलीने केली. तिने मला एक शब्द लावला नाही. नंतर दुसऱ्या ठेकेदाराचं काम मिळालं तिला, आमच्या दुकानामुळे नव्हे, तिच्या गल्लीतल्या बायांमुळे.

हे क्लबात मांडलं तेव्हा आमच्यातल्या तिघी-चौघी म्हणाल्या, "हे इथे नको. आपण पुस्तकांसाठी येतो. धंद्याच्या गोष्टीत पडलो तर घरून यायला बंद करतील." एक तर सरळ म्हणाली, "तिला न बोलावलं तर?" मला ताबडतोब तो कारखाना दिसला. आतल्या बायका.

मैत्रिणींनो, तुमच्याशीही भांडायचं आहे, काकांहून जास्त. 'उंबरठा'मधली सुलभा घर सोडून निघते तेव्हा आपण सगळ्या रुमाल शोधतो. 'कुंकू'मधल्या नीराने म्हाताऱ्या नवऱ्याला १९३७ साली झिडकारलं म्हणून खूश होतो. शांताराम वणकुद्रे कोल्हापूरच्या जैन घरातले, म्हणून आपण त्याचा अभिमानही बाळगतो. पण पडद्यावरच्या बाईने प्रश्न विचारला तर ती थोर, आणि आपल्याच सतरंजीवर बसलेल्या बाईने आपल्याला विचारला तर वातावरण बिघडतं? मग काकांनी वेगळं काय म्हटलं होतं? त्यांचीही एवढीच इच्छा की प्रश्न पुस्तकातच राहावेत. तुमची यादी काकांच्या यादीपेक्षा लांब आहे, नावं जास्त धीट आहेत, फरक तेवढाच. घरून बंद करतील ही भीती खोटी नाही, मलाही आहे. पण घरून बंद होऊ नये म्हणून आपणच एकीला बंद करायचं, हे हिशेबात कसं बसतं ते कुणीतरी मला समजावून सांगा.

ज्या दिवशी मी हे असं बोलले त्या दिवशी दोघी उठून गेल्या. एक महिन्याने परत आली. दुसरी आली नाही, आणि तिची मला आठवण येते. ती फार छान वाचायची.

काकांच्या यादीकडे परत येते. समजा दिली यादी. त्यात मी हे लिहू का, की एका बुधवारी आम्ही स्त्रीमुक्तीवर बोललो, आणि ही स्त्रीमुक्ती मोर्चातली नव्हे, शास्त्रातली? श्वेतांबर बेन आम्हाला चिडवत होत्या की आमचे एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही बाई होती, तुमच्याकडे मल्लिनाथ पुरुष. आम्ही दिगंबर म्हणालो, ते खरं, पण तुमच्याकडे शंभर वर्षांच्या दीक्षेची साध्वीसुद्धा आज दीक्षा घेतलेल्या मुनीला वंदन करते, ते कसं? मग दोन्हीकडचं हसू थांबलं. नवव्या शतकात शाकटायन नावाच्या यापनीय आचार्यांनी बाईला त्याच देहाने मोक्ष मिळतो म्हणून 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' लिहिलं. पुढे प्रभाचंद्रांनी 'न्यायकुमुदचंद्र'मध्ये ते खोडलं. पद्मनाभ जैनींनी हे सगळे वाद १९९१ मध्ये इंग्रजीत आणले, तेव्हा आमच्यासारख्यांना कळलं. शेकडो वर्षं विद्वान पुरुष समोरासमोर बसून आमच्या देहावर, आमच्या पाळीवर, आमच्या मोक्षावर युक्तिवाद करत होते. त्यात एका आर्यिकेचा ग्रंथ मला कुठे सापडला नाही. कल्पसूत्रात महावीरांच्या संघाचा आकडा आहे, १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी. छत्तीस हजार बायांपैकी एकीलाही प्रश्न पडला नसेल? पडलेच असतील. ते उतरवून ठेवायला कुणी नव्हतं.

काका, हे 'चांगलं' आहे की नाही, ते तुम्ही ठरवणार होतात.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले आणि हॉल नको म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं, त्यांच्याइतक्याच मऊ आवाजात, पाया पडून. ते दुखावले. "मी काय वाईट सांगितलं?" असं दोनदा विचारलं. त्यांनी तो प्रश्न मला विचारला याचं मला बरं वाटलं.

बैठक पुरत नव्हतीच. मग लिंबायतच्या ताईने म्हटलं, माझ्याकडे या, वर गच्ची आहे, उन्हाची ताडपत्री बांधू. आणि लगेच म्हणाली, "चहाचं नाही करत, तुम्हाला चालत नाही ते माहीत आहे." हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला खाली बघावं लागलं. तीन वर्षं ती माझ्या घरी चहा पीत होती.

पहिल्या वेळी वीसपैकी अकरा जणी आल्या. खालच्या मजल्यावर लूम चालतात, त्यामुळे वाचणारीला ओरडून वाचावं लागतं आणि मध्येच वीज गेली की सगळीकडे इतकं शांत होतं की आपलाच आवाज मोठा वाटतो. गल्लीतल्या चार बाया दोरा कापता कापता ऐकायला येऊन बसल्या. चहा मी मागितला. सात जणींनी घेतला. दोघींनी आपापल्या बाटलीतलं पाणी प्यायलं, दोघींनी काहीच नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तिथे काही घेतलंस का?" मी "हो, चहा" म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. उशिरा, झोपायच्या आधी, त्यांनी विचारलं की पुढच्या बुधवारी काय वाचणार आहात. मी 'स्मृतिचित्रे' म्हटलं. त्यांना लक्ष्मीबाई टिळक कोण ते माहीत नव्हतं. सांगायला बसले, तर बारा वाजले.